तात्पुरता आसरा

संस्थांचे इतिहास लिहिण्याची आपल्याकडे आतां चांगली परंपरा झाली आहे. शाळेची पन्नाशी, वसतिगृहाचा अमृतमहोत्सव, आश्रमाची शताब्दी अशा निमित्तानें जाडजूड स्मरणग्रंथ निघतात. त्यांत संस्थापकांचीं छायाचित्रें असतात, देणगीदारांच्या याद्या असतात, आणि संस्थेंतून बाहेर पडून नांवारूपास आलेल्या विद्यार्थ्यांचे कृतज्ञ लेखहि असतात. जेथें मूल आठ वर्षें राहिलें त्या घराचा इतिहास अशा रीतीनें सहज लिहिला जातो. पण जेथें तें आठ रात्रीच राहिलें त्या घराचें काय? तेथें राहून गेलेला मुलगा पुढें मोठा झाल्यावर आपण त्या घरांत होतों असें चारचौघांत कधीं सांगत नाहीं. बहुधा त्यास तें विसरावयाचेंच असतें. त्याच्या येण्याची नोंद पोलिसांच्या वहींत होते, जाण्याची न्यायाधीशाच्या हुकुमांत होते. मधल्या दिवसांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, आणि म्हणून त्याचा इतिहासहि कोणी लिहीत नाहीं.

आम्हांस येथें पाहावयाचा आहे तो या मधल्या दिवसांचा इतिहास. बारा-तेरा ते सतरा-अठरा या वयाचें मूल एकाएकीं घराबाहेर पडतें. कधीं घरच त्यास बाहेर टाकतें, कधीं दुष्काळ किंवा सांथ तें घरच उचलून नेते, कधीं मूल आपल्याच रागानें, भयानें किंवा लाजेनें निघतें. आज रात्रीं त्यानें कोठें निजावें हा एक प्रश्न असतो, आणि पुढें त्याच्या आयुष्याचें काय करावें हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास वेळ लागतो. पहिला प्रश्न मात्र सूर्य मावळला कीं उभा राहतो. या दोहोंमधील अवकाशासाठीं जें घर असतें त्याला आपण तात्पुरता आसरा म्हणतों. तात्पुरता म्हणजे तेवढ्यापुरता. जेवढा लागेल तेवढा, त्याहून अधिक नव्हे. अशा घराची परीक्षा करावयाची तर त्याच्या भिंती किंवा त्याचें जेवण पाहून भागत नाहीं. दार कोणी ठोठावावें व आंत आलेल्यानें केव्हां बाहेर जावें, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. मुंबई-पुण्याच्या गेल्या दीडशें वर्षांत या प्रश्नांचीं फार निरनिराळीं उत्तरें दिलीं गेलीं.

पूर्वीं अशा मुलांना आसराच नव्हता असें नाहीं. बापानें मारलें म्हणून रुसून निघालेला मुलगा मामाच्या गांवीं जाई. सासरचा जाच असह्य झालेली चौदा वर्षांची सून पाणवठ्यावरूनच परभारें माहेरची वाट धरी. मामा भाच्यास चार दिवस ठेवून घेई, शेतावर नेई, मग एके दिवशीं गाडी जुंपून आपणच पोहोंचवावयास येई व मेहुण्यास दोन शब्द सुनावून परत जाई. या व्यवस्थेस कोणीं नांव दिलें नव्हतें. पण तात्पुरत्या आसऱ्याचे बहुतेक गुण तींत होते. दार ओळखीचें होतें. आंत येतांना कारण सांगावें लागत नसे. आणि राहण्यास मुदत होती, कारण भाचा जन्मभर येथें राहणार नाहीं हें भाचा आणि मामा दोघांनाहि ठाऊक असे. या आठवणीनें हळवें होण्याचें मात्र कारण नाहीं. ज्यांना आजोळ होतें त्यांच्यापुरतीच ही सोय होती, आणि पळून आलेल्या मुलीस पांचव्या दिवशीं त्याच सासरीं नेऊन घालणारेंहि तेंच माहेर होतें. शिवाय कांहीं संकटें अशीं होतीं कीं त्यांत आप्तांचेंच दार सर्वांआधीं बंद होई.

विधवेचें गरोदरपण हें असें संकट होय. बालविवाहाच्या त्या काळांत विधवा म्हणजे पोक्त बाई अशी समजूत करून घेण्याचें कारण नाहीं. पंधरा-सोळा वर्षांची विधवा हें घरोघरचें दृश्य होतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, त्याची हकीकत जोतीरावांनीं पुढें बेहरामजी मलबारी यांच्या टिपणावरील आपल्या अभिप्रायांत दिली आहे. या अभिप्रायाची तारीख ४ डिसेंबर १८८४ आहे. एका तरुण ब्राह्मण विधवेस फसवणुकीनें दिवस गेले. तिनें जन्मलेलें मूल मारून विहिरींत टाकलें, आणि न्यायालयानें तिची अंदमानांत रवानगी केली. ही गोष्ट जोतीरावांच्या ओळखीच्या घरांतील होती. त्यानंतर त्यांनीं गृह काढलें आणि ब्राह्मणवस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें अथवा ठेवून जावें, ही त्यांची मर्जी. असा त्या जाहिरातींचा आशय होता.

या गृहाची थोरवी सहसा सामाजिक धैर्याच्या अंगानें वर्णिली जाते, आणि तें योग्यच आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. आंत येणारी स्त्री आपल्या पायांनीं येत असे. तिला कोणीं पकडून आणावें लागत नसे, कोणाचा हुकूम लागत नसे. बाळंतपण झालें व अंगांत बळ आलें कीं ती आपल्या पायांनीं परत जाई. राहण्याची मुदत निसर्गानेंच ठरवून दिलेली होती, आणि पुढें काय करावयाचें याचा निर्णय तिच्याकडे होता. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें या एका घरांत सापडतात.

तरीहि त्याच अभिप्रायांतील आंकडे वाचतांना मन खिन्न होतें. गृह निघाल्यापासून १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा तेथें येऊन बाळंत झाल्या. त्या ३५ मुलांपैकीं हयात होतीं अवघीं ५. बाकीचीं ३० दगावलीं. मातांनीं गर्भ पाडण्यासाठीं आधींच घेतलेल्या विषारी औषधांमुळें गर्भास पोटांतच इजा झाली असली पाहिजे, असें जोतीराव लिहितात. आसऱ्याच्या इतिहासांत याहून बोलका आंकडा आम्हांस ठाऊक नाहीं. घर उघडें होतें, जाहिराती भिंतींवर होत्या, चालकांची दानत वादातीत होती. तरीहि त्या मुली तेथें पोहोंचल्या त्या इतर सर्व उपाय करून थकल्यावर, आणि तोंवर उशीर झालेला होता. पुढें १८७५ सालीं पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या खटपटीनें असेंच गृह निघालें. तीर्थक्षेत्रीं कोणी कोणास ओळखीत नाहीं, ही गोष्ट तेथें गुप्ततेच्या कामीं येत असे.

संकट एकट्यादुकट्याचें असतें तोंवर एखाद्या दांपत्याचें घर पुरतें. तें सामुदायिक झालें म्हणजे काय होतें हें पंडिता रमाबाईंच्या कार्यांत दिसतें. त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन काढलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. ती विद्येसाठीं काढलेली शाळा होती; तात्पुरता आसरा नव्हे. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला, आणि मध्यप्रांतांत आईबापांविना भटकणाऱ्या मुली कोणाच्या हातीं लागत आहेत हें ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. सुमारें तीनशें मुली त्यांनीं गोळा केल्या. इकडे पुण्यांत प्लेग. शहरांत एवढ्या मुली आणण्यास मनाई झाली, तेव्हां केडगांवच्या शेतावर तंबू आणि झोंपड्या ठोकून त्यांची सोय करावी लागली. शेतावर विहीर होती, कांहीं झाडें होतीं; यापलीकडे विशेष कांहीं नव्हतें.

तंबू हें तात्पुरतेपणाचें चिन्ह आहे. केडगांवचे तंबू मात्र पुन्हां गुंडाळले गेले नाहींत. त्यांच्या जागीं भिंती आल्या, आणि मुक्तिसदन हें एक लहानसें गांवच झालें. त्यास उपायहि नव्हता. या मुलींना परत पाठवावयाचें तर कोठें? मामाच्या गाडीची वाट दोन्हीं बाजूंनीं चालू असते. दुष्काळानें या वाटेचें एक टोंक पुसून टाकलें होतें. रमाबाईंच्या कार्याभोंवतीं धर्मांतराचा वाद पूर्वींपासूनच पेटलेला होता, आणि १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांनीं शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाशीं आपला संबंध तोडला होता. या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. एवढें मात्र म्हणावेंसें वाटतें कीं, उपाशी मुलीस अन्न देणाऱ्यावर तिच्या धर्माचा प्रश्न उपस्थित करणाऱ्यांपैकीं किती जण त्या उन्हाळ्यांत मध्यप्रांतांत गेले होते, हें पाहिलें म्हणजे वादाचा आवाज जरा उतरतो. तसेंच दुसऱ्या बाजूनेंहि खरें आहे: ज्याच्या हातांत आज रात्रींची भाकरी आहे त्याला उद्यांच्या श्रद्धेवर हक्क सांगण्याचा मोह पडतो, आणि भुकेल्या मुलाच्या होकाराला होकार म्हणावें काय, हा प्रश्न प्रत्येक आसऱ्यापुढें आजहि उभा आहे.

हे झाले लोकांचे प्रयत्न. सरकारास असें मूल कसें दिसत होतें? १८५० च्या उमेदवारी कायद्यानें दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ व गरीब मुलांना करारानें कारागिराकडे बांधून देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास मिळाला. किरकोळ गुन्ह्यांत सांपडलेल्या मुलांचीहि अशीच वाट लावतां येई. याच सुमारास मुंबईंत ‘बाँबे टाइम्स’चे संपादक डॉ. बुइस्ट यांनीं उद्योगशाळेची कल्पना काढली, आणि १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या देणगीनें तिला संस्थेचें रूप आलें. मग १८७६ चा व त्याच्या जागीं आलेला १८९७ चा सुधारशाळांचा कायदा. या दुसऱ्या कायद्याखालीं पंधरा वर्षांखालील शिक्षापात्र मुलास तुरुंगाऐवजीं सुधारशाळेंत पाठवितां येई. तें तीन वर्षांहून कमी नव्हे व सातांहून अधिक नव्हे अशा मुदतीसाठीं. येथें ‘मुलास’ हा शब्द आम्हीं जपून वापरला आहे. कायद्याच्या व्याख्येंत फक्त मुलगाच बसत होता. मुलगी गुन्हा करीत नाहीं अशी विधिकारांची समजूत होती, कीं तिचें काय करावें हें सुचलें नाहीं म्हणून तिला वगळलें, हें सांगवत नाहीं.

या कायद्यांना वाईट म्हणतां येणार नाहीं. मुलांना दरोडेखोरांच्या शेजारीं निजवूं नये एवढी तरी जाणीव त्यांत होती. पण त्यांना दोनच जागा ठाऊक होत्या: एक तुरुंग, दुसरी शाळा. निकाल लागल्यावर मूल शाळेंत जाई. निकाल लागेपर्यंत तें कोठें असे? पोलिसांच्या कोठडींत, किंवा कच्च्या कैद्यांच्या बराकींत. म्हणजे ज्यास पुढें सुधारावयाचें त्यास आधीं महिना-पंधरा दिवस बिघडण्यास ठेवावयाचें, असा प्रकार होता. आणि ज्यानें गुन्हाच केला नाहीं, जो केवळ भुकेला किंवा भ्यालेला आहे, अशा मुलाला या व्यवस्थेंत शिरावयाचें तर आधीं एखादी चोरी करावी लागे.

ही फट १९१९-२० च्या हिंदी तुरुंग-समितीनें ठळकपणें दाखविली. मुलांस चौकशीपूर्वींहि तुरुंगांत ठेवूं नये, त्यांच्यासाठीं वेगळीं न्यायालयें व वेगळीं ठेवण्याचीं घरें असावींत, अशी तिची शिफारस होती. मद्रासेनें १९२० सालीं, बंगालनें १९२२ सालीं आणि मुंबईनें १९२४ सालीं बालकांचा कायदा केला. इंग्लंडांतील १९०८ च्या कायद्याचें वळण यांस होतें. त्या इंग्रजी कायद्यानें चौदा वर्षांखालील तें मूल व चौदा ते सोळांतील ती तरुण व्यक्ति, असा भेद केला होता. मिसरूड फुटूं लागलेल्या वयाला कायद्यानें स्वतंत्र नांव दिलें ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं. आपल्या बोलण्यांत त्या वयाला ‘घोडा झालास’ यापलीकडे फारसें नांव नव्हतें. मुंबईच्या कायद्यानें गुन्हेगार मुलांबरोबरच निराधार, भीक मागणारीं व छळलीं जाणारीं मुलेंहि आपल्या कक्षेंत घेतलीं. मुंबई शहरांत त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून १९२७ सालीं चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि निकाल होईपर्यंत मुलांना ठेवण्यासाठीं उमरखाडीस रिमांड होम सुरू झालें.

उमरखाडीचें हें घर पूर्वीं काय होतें, हें मराठी वाचकांस वेगळें सांगावयास नको. तोच तो डोंगरीचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली ती त्यांनीं येथें भोगली, आणि ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हें आगरकरांचें पुस्तक त्या वास्तव्याचें फळ होय. ज्या समितीच्या शिफारशींचा सारांश मुलांना तुरुंगांत ठेवूं नका हा, त्या शिफारशींप्रमाणें निघालेलें घर जुन्या तुरुंगाच्याच भिंतींत थाटलें जावें, हा योगायोग विलक्षण खरा. पण त्यावर नुसता कोटिक्रम करून पुढें जाणें बरें नव्हे. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरांत उंच भिंतींची रिकामी सरकारी इमारत हाताशीं असतांना दुसरी जागा शोधण्याचा खर्च कोणीं करावा? बहुतेक तात्पुरते आसरे अशा कामचलाऊ इमारतींतच उभे राहतात. भिंतींपेक्षां आगरकरांच्या पुस्तकाच्या नांवांतील आंकडा आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. शिक्षा चार महिन्यांची होती. सुटका एकशें एकाव्या दिवशीं झाली. बंदिवानाला आपले दिवस मोजतां येत होते, कारण त्यांना अंत होता. पुढें त्याच आवारांत चौदा वर्षांचा जो मुलगा निजला, त्याला आपला कितवा दिवस हें सांगतां येई. पण किती उरले हें कोणासच सांगतां येत नसे. गुन्हा करणाऱ्यास मुदत, आणि न करणाऱ्यास ‘पुढील तारीख’, हा या इतिहासांतील खरा विपर्यास होय.

रिमांड हा शब्दच पाहा. परत पाठविणें हा त्याचा मूळ अर्थ: न्यायाधीशापुढें आणलेल्यास पुढील तारखेपर्यंत परत कोठडींत धाडणें. घराला हा शब्द जोडल्यानें ‘रिमांड होम’ असें एक चमत्कारिक नांव तयार झालें आणि तें मराठींत असें रुजलें कीं पुढें ‘निरीक्षणगृह’, ‘बालगृह’ असे सोज्ज्वळ संस्कृत शब्द येऊनहि तें हटलें नाहीं. दोन पिढ्यांतील आयांनीं द्वाड पोरांना याच नांवाची धमकी दिली. ज्या घरांत संकटांतील मुलानें आपण होऊन धांव घ्यावी अशी अपेक्षा, त्याचें नांवच बागुलबुवा होऊन बसलें! रस्त्यावरील मुलांच्या तोंडीं त्यास आणखी एक नांव होतें, ‘चिल्लर रूम’. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटानें तें सर्वत्र पोहोंचविलें. तो ‘चिल्ड्रेन’ या शब्दाचा अपभ्रंश असो वा सुट्या नाण्यांवरून पडलेलें नांव असो, मुलांनीं स्वतःची किंमत किती केली होती तें त्यांत उमटलें आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं मुंबई राज्यानें बालकांचा नवा कायदा केला, १९६० सालीं केंद्रानें आपल्या अखत्यारींतील प्रदेशांसाठीं केला. मानखुर्दला नवें निरीक्षणगृह झालें. कायद्यांचीं कलमें वाढलीं. दिवस मात्र कमी झाले नाहींत. हें उघडकीस आणण्याचें श्रेय शीला बारसे या पत्रकार बाईंना आहे. तुरुंगांत असलेल्या मुलांविषयीं त्यांनीं सर्वोच्च न्यायालयांत केलेल्या अर्जावरून १९८६ सालीं न्यायालयानें राज्यांकडून माहिती मागविली, जिल्हा न्यायाधीशांनीं तुरुंगांस भेटी द्याव्या असें सांगितलें, आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत मुलांची चौकशी तीन महिन्यांत आटोपावी असें ठरविलें. दुसरें प्रकरण खुद्द मुंबईचें, चिल्ड्रेन्स एड सोसायटीविरुद्धचें. मानखुर्दच्या गृहाविषयींच्या त्यांच्या तक्रारी वाचल्या तर त्यांत एक गोष्ट पुन्हां पुन्हां येते: मुलांना ताब्यांत घेतांना विचार होत नाहीं, घरीं पोहोंचविण्यास विलंब होतो, आणि बालन्यायालय या विलंबाकडे लक्ष देत नाहीं. डिसेंबर १९८६ च्या निकालांत न्यायालयानें म्हटलें कीं निरीक्षणगृहांत मुलांना दीर्घ काळ ठेवूं नये, आणि जेवढे दिवस तीं तेथें असतील तेवढे दिवस त्यांना रुचेल व पुढें उपयोगी पडेल अशा कामांत गुंतवावें.

या निकालाचें महत्त्व आमच्या मतें असें. साठ वर्षांपूर्वींच्या समितीनें मुलाला कोठें ठेवूं नये हें सांगितलें होतें. या निकालानें किती काळ ठेवूं नये याकडे बोट दाखविलें. जागेचा प्रश्न दयेनें सुटतो, काळाचा प्रश्न कामाच्या शिस्तीनेंच सुटतो, आणि दया दाखविण्यापेक्षां कागद वेळेवर हलविणें आपल्या सरकारी यंत्रणेस नेहमींच जड गेलें आहे. बिहारच्या खेड्यांतून निघून बोरीबंदरला उतरलेल्या मुलाचें घर शोधावयाचें म्हणजे तिकडील पोलिसांस पत्र, त्याची वाट, मग स्मरणपत्र, मग सोबत जाणारा शिपाई, मग त्याच्या प्रवासखर्चाची मंजुरी. यांतील एकेक पायरी निरुपद्रवी आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यांतील चार-सहा महिने म्हणजे किती, हें त्या कागदावर लिहिलेलें नसतें.

१९८६ चा बालन्याय कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून अंमलांत आला व मुलांना कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवण्यास देशभर बंदी झाली. २००० सालच्या कायद्यानें मुलगा-मुलगी दोघांसाठींहि वयाची मर्यादा अठरा केली. पण या कायद्यांतील सर्वांत मोलाचा बदल आम्हांस एका लहानशा पोटकलमांत दिसतो. काळजी व संरक्षण यांची गरज असलेलें मूल बालकल्याण समितीपुढें कोणीं आणावें याची यादी तेथें दिली आहे: पोलीस, सरकारी नोकर, सामाजिक कार्यकर्ता, सज्जन नागरिक, आणि अखेरीस, मूल स्वतः. पुण्याच्या गल्ल्यांत १८६३ सालीं चिकटवलेल्या जाहिरातींत जें गृहीत धरलेलें होतें, तें कायद्याच्या पुस्तकांत यावयास २००० साल उजाडलें. २०१५ च्या कायद्यानेंहि ही तरतूद कायम ठेवली आहे.

मुलानें स्वतः यावें म्हटलें तरी त्याला दार ठाऊक कसें व्हावें? या प्रश्नाचें एक उत्तर मुंबईनेंच दिलें. टाटा समाजविज्ञान संस्थेंत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानें १९९६ सालीं १०९८ हा दूरध्वनिक्रमांक सुरू झाला; ‘दस नौ आठ’ हा त्याचा उच्चार लिहितां-वाचतां न येणाऱ्या मुलालाहि पाठ होण्यासारखा होता. रात्रीं-अपरात्रीं फलाटावरून मुलानें फोन करावा व कोणी माणूस तेथें यावें, अशी ती योजना होती. आगगाडीच्या फलाटावर उतरलेल्या मुलासाठीं पहिले कांहीं तास सर्वांत धोक्याचे, ही गोष्ट रस्त्यावर काम करणाऱ्यांना अनुभवानें कळलेली होती. जोतीरावांच्या त्या तीस अर्भकांच्या आंकड्यानें जें सांगितलें होतें तेंच हें, उशिराचें गणित. पुढें ही सेवा देशभर पसरली, आणि २०२३ पासून ती सरकारनें आपल्या यंत्रणेंत सामावून घेतली.

दार असें रुंद झालें. बाहेरची वाट अजून अरुंदच आहे. २०१५ च्या कायद्याप्रमाणें मुलास २४ तासांत समितीपुढें आणावें लागतें, सामाजिक चौकशीचा अहवाल १५ दिवसांत व्हावा लागतो व अंतिम निर्णय चार महिन्यांत. कागदावर हें ठीक आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीची गोष्ट घ्या. घरच्यांनीं ठरविलेलें लग्न मोडून ती निघाली आहे, किंवा आवडत्या मुलाबरोबर पळून गेली होती व तो आतां २०१२ च्या कायद्याखालीं आरोपी होऊन तुरुंगांत आहे. घरीं जाण्यास ती तयार नाहीं. अथवा ती तयार आहे, पण बाप म्हणतो, ती आम्हांस मेली. समितीनें काय करावें? पुष्कळदां ती मुलगी अठरावा वाढदिवस उजाडेपर्यंत गृहांतच राहते, आणि त्या दिवशीं, कोणताहि प्रश्न सुटलेला नसतांना, केवळ पंचांगाच्या आधारावर मोकळी होते. हिला तात्पुरता आसरा म्हणावयाचें तर त्या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल. तिच्या मागें बंद झालेलें दार आपल्या घरांतील आहे. तें उघडण्याचा अधिकार कोणत्याहि समितीस कायद्यानें देतां आलेला नाहीं, आणि मेहुण्यास दोन शब्द सुनावणारा मामा समितींत नेमतां येत नाहीं.

याच कायद्याच्या त्रेचाळिसाव्या कलमांत ‘खुल्या आश्रयगृहा’ची तरतूद आहे. हें गृह अल्पकाळासाठींच आहे असें कायदा स्पष्ट म्हणतो: छळापासून व रस्त्यावरील जीवनापासून मुलास वांचविण्यापुरतें. किती मुलें तेथें आलीं व राहिलीं, ही माहिती प्रत्येक गृहानें दर महिन्यास जिल्हा बालसंरक्षण कक्षास व बालकल्याण समितीस लेखी कळवावयाची असते.